उभं राहायला शिकवणारा क्लब

नाशिकच्या स्टँडवरच पहिला वाद झाला आणि तो खारकेवरून. खारीक म्हणजे माझी कुत्री. पॉइंटर जातीची, पांढऱ्या अंगावर सुक्या खारकेच्या रंगाचे ठिपके. कंडक्टर म्हणाला, "कुत्रं गाडीत चालत नाही." मी विचारलं, कुठल्या नियमात? तो म्हणाला, नियम माहीत नाही, पण चालत नाही. मी नियम दाखवा म्हणत पायरीवर उभी राहिले, मागे रांग तुंबली, आणि शेवटी आतल्या एका आजोबांनी निकाल दिला, "बसू द्या हो. काल माझ्या शेजारी बसला होता त्याच्यापेक्षा स्वच्छ दिसतंय." खारीक सीटखाली गेली आणि संभाजीनगर येईपर्यंत झोपली. वाद घालण्याचं काम तिने कायमचं माझ्यावर सोपवलेलं आहे.

मी कशाला निघाले होते ते सरळ सांगते. पाटोद्याजवळ बालाघाटाच्या उतारावर साळवे बाईंचं गवताचं रान आहे. बाई जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. गेल्या वर्षी कापलेल्या गवताच्या पेंढीत त्यांना तितराची मादी सापडली, मशीनने दोन तुकडे केलेली, आणि खाली फुटलेली अंडी. या डोंगरावर तितर पावसाळा सरतानाही अंडी घालतात आणि नेमकी तेव्हाच गवताची कापणी असते. पाखरं पकडायच्या फाशांविरुद्ध आमचा नाशिकचा वन्यजीव गट पत्रकं वाटतो, त्यातलं एक बाईंच्या हाती लागलं होतं. त्यांनी फोन केला. "नुसती पत्रकं काय वाटता? घरटी कुठं आहेत ते दाखवा, तेवढं गवत मी कापू देणार नाही."

दाखवायला खारीक होती. पॉइंटरला जमिनीवर बसलेल्या पाखराचा वास आला की तो जागच्या जागी थिजतो. एक पाय वर, नाक पाखराकडे, शेपूट ताठ. खारीकही थिजते. फक्त तेवढ्यावर थांबत नाही. चार श्वास झाले की झेप घेते. म्हणजे घरटं शोधून देणार आणि तेच खाऊन टाकणार. तिला उभं राहून उभंच राहायला शिकवायला हवं होतं. नाशिकमध्ये कुत्र्यांना शिकवणारे बरेच आहेत, ते शेकहँड करायला शिकवतात. मग इंटरनेटवर कुणीतरी छातीठोक लिहिलेलं सापडलं की बीड जिल्ह्यात पॉइंटर शिकवणारे क्लब आहेत, आणि गावांची नावंही दिली होती. दसरा झाल्यावरच्या रविवारी बाईंच्या रानात मशीन येणार होतं. आठवडाभर हातात होता. मी निघाले.

पहिलं गाव गेवराई. हायवेला उतरले तर वाळूच्या टिपरने उडवलेली धूळ तोंडात. एका वळणावर वाळू कुणी उपसायची यावरून दोन गट हमरीतुमरीवर आलेले आणि त्यांच्या डोक्यावरच मला हवा होता तो फ्लेक्स: श्वानप्रेमी मित्र मंडळ. फ्लेक्सवर माणसांची इतकी तोंडं होती की मोजायचा कंटाळा आला. कुत्र्याचं एकही नव्हतं.

अध्यक्ष खालच्याच चहाच्या टपरीवर भेटले. पंचविशीचे असतील. फ्लेक्सवरचा गॉगल तोच.

"क्लब कुठे भरतो?" मी विचारलं.

"हा काय, भरलाय की." टपरीवर चौघे बसले होते.

"कुत्री कुठे आहेत?"

"घरी हायत, ताई. एवढ्या उन्हात कोण आणतंय?"

"आणि प्रशिक्षण?"

"आसतं ना. दरसाल शिबिर आसतं, दादांच्या वाढदिवसाला."

"शिबिरात कुत्र्यांना काय शिकवता?"

अध्यक्षांनी शेजाऱ्याकडे बघितलं. शेजारी म्हणाला, "रक्तदान आसतं."

मी डोकं शांत ठेवलं. खरंच ठेवलं. पॉइंटर म्हणजे काय ते समजावून सांगितलं, गवताचं सांगितलं, आणि आमचं पत्रक पुढे केलं. तिथेच चुकलं. पत्रकावर 'वन्यजीव' हा शब्द मोठ्या अक्षरात आहे. चौघांनी तो वाचला आणि चौघांचे चेहरे शाळेत तपासणी आल्यासारखे झाले.

"आमच्याकडं तितर न्हाई," अध्यक्ष म्हणाले.

"लावा पण न्हाई," दुसरा म्हणाला.

"ससा तर आमी उभ्या जल्मात बघितलेला न्हाई," तिसरा.

मी सशाबद्दल विचारलंच नव्हतं.

स्टँडवर परत आले तर मघाचा चौथा, जो गप्प बसला होता, मोटारसायकलवरून मागे आला. इकडे तिकडे बघून हळू आवाजात म्हणाला, "ताई, खरं सांगा, पाव्हणं कुठलं हायत? पुण्याचं का मुंबईचं? रान मी दाखवतो. लई पाखरू हाय."

म्हणजे अर्ध्या गेवराईच्या लेखी मी वनखात्याची होते आणि उरलेल्या अर्ध्या गेवराईच्या लेखी मी शिकारीची दलाल. मी जी होते ती कुणालाच पटत नव्हती. मी त्याला बेकायदा शिकारीवर स्टँडवरच भाषण दिलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. "बरोबर हाय तुमचं," म्हणाला, "पण नंबर घेऊन ठेवा."

यादीतलं दुसरं गाव तेलगाव, बीडच्या पलीकडे, पूर्वेला. मला शेवटी पोचायचं होतं ते पाटोदा बीडच्या अलीकडे, पश्चिमेला. ज्याने यादी लिहिली त्याने नकाशा पाहिला नसावा. बीडच्या स्टँडवर सकाळी सुशीला खाल्ली (भिजवलेल्या चुरमुऱ्यांना फोडणी घालून करतात, पोह्यांची चुलत बहीण) आणि तेलगावची गाडी धरली. रस्त्याच्या एका बाजूला ऊस, दुसऱ्या बाजूला फुटलेला कापूस. वेचणाऱ्या बायका वाकलेल्या. खारीक खिडकीबाहेर नाक काढून बसली होती आणि दोन शाळकरी पोरी तिला केसातली रिबीन दाखवत होत्या.

इथला क्लब खरा निघाला. कुत्री होती, मैदान होतं, माणसं होती. पण कुत्री कारवानी, म्हणजे लांब पायांची, पोट पाठीला लागलेली, शर्यतीची. मोटारसायकलच्या मागे पोतं बांधतात, मोटारसायकल सोडतात आणि कुत्री पोत्याच्या मागे. क्लबचे प्रमुख नाना. पन्नाशीचा गडगडणारा माणूस, आवाज मैदानाच्या या टोकाहून त्या टोकाला.

"शिकवायचं ना? शिकवू की. कुठवर पळतं?"

"पळायचं नाही. उभं राहायला शिकवायचंय."

"उभं?" नाना इतरांकडे वळले. "उभं राहायला शिकवायचं म्हणत्यात."

"त्याला काय शिकवायचं, खांबाला बांधा," एकजण म्हणाला.

तेवढ्यात खारकेला वास लागला. मैदानाच्या कडेला कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या होत्या, त्यात लावा (तितराचा धाकटा भाऊ म्हणा) बसलेला असणार. ती थिजली. पुढचा डावा पाय वर, अंगाची एक सरळ रेघ. मला दर वेळी हे बघून टाळी वाजवावीशी वाटते. तेलगावकरांना तसं काही वाटलं नाही. ते हसत सुटले.

"बंद पडलं बे हे."

"पेट्रोल संपलं."

"कावून (का) उभं राहिलं पण? पायात काटा हाय का बघ."

नानांनी हसणाऱ्यांना गप्प केलं. ते गंभीर झाले होते. माझ्याजवळ येऊन दवाखान्यात बोलतात तसे बोलले, "ताई, मनाला लावून घेऊ नका. भ्यालेलं हाय जनावर. छातीत भ्या बसलंय. निघतं ते." आणि मी "अहो थांबा" म्हणेपर्यंत त्यांनी मागून जाऊन खारकेच्या ढुंगणावर गुडघ्याने असा धक्का दिला की ती पऱ्हाट्यांत तोंडावर जाऊन पडली. लावा भुर्रकन उडाला. खारीक त्याच्या मागे, दोन कारवानी खारकेच्या मागे, सगळं मैदान शिट्ट्या मारत त्या तिघांच्या मागे.

"बघा," नाना म्हणाले, "झालं दुरुस्त."

ज्या एका गोष्टीसाठी मी जिल्हा पालथा घालत होते ती त्यांनी एका गुडघ्यात घालवली होती. मी त्यांना ते सांगितलं. बऱ्याच मोठ्याने सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "जेवून बोला." राग आलेल्या माणसाशी बोलायची ती तिथली रीत दिसते. नानांच्या घरी भाकरी आणि येसराची आमटी (भाजलेल्या धान्याचं, मसाल्याचं पीठ लावून करतात) पुढे आली. खारकेसाठी दुधात कुस्करलेली भाकरी वेगळी. इतक्या चविष्ट जेवणावर भांडण चालू ठेवणं अवघड गेलं, तरी मी आमटी वाढून घेता घेता थोडं चालू ठेवलं.

हात धुताना नाना म्हणाले, "आसली उभी राहणारी कुत्री बापूकडं हायत. पाटोद्याच्या अंगाला. पण तुमी जाऊ नका."

"का?"

"तुमच्यासारख्यांनी न्हाई जायचं तिथं."

साहजिकच मी दुसऱ्या दिवशी तिथे गेले.

पाटोद्याला साळवे बाई स्कूटी घेऊन घ्यायला आल्या होत्या. बाजाराचा दिवस. शेळ्यांच्या आणि ओल्या भुईमुगाच्या वासाने खारकेचं नाक कामातून गेलेलं. बाई बुटक्या, चष्म्याच्या, आवाजात खडू. त्यांच्या वडिलांनी डोंगरउतारावरची ती जमीन घेतली तेव्हा गावातल्या काहींनी 'दगड विकत घेतले' म्हणून चेष्टा केली होती. आता तिथे माणसाच्या कमरेइतकं गवत उभं होतं आणि बाईंच्या घराच्या ओट्यावरून सगळा उतार ताटात वाढल्यासारखा दिसत होता.

बापूचं नाव काढल्यावर बाई म्हणाल्या, "चौथीपर्यंत माझ्या वर्गात होता. उत्तरं द्यायचा, पण दुसऱ्याच प्रश्नाची."

बापूंचं शेत बाईंच्या डोंगराखालच्या रस्त्यापलीकडे. पांढरे कपडे, दोन मोबाइल, पंचायतीच्या राजकारणात पाय. लिंबाखाली बाजांवर तीन-चार माणसं, आणि त्यांच्या पायाशी पॉइंटर. एक नाही, पाच. एकही भुंकला नाही. लिंबाला फडक्याने झाकलेला पिंजरा टांगला होता आणि आतून तितर ओरडत होता.

मी आत पाऊल टाकायच्या आधी सुरू झाले. तितर पिंजऱ्यात ठेवणं गुन्हा आहे, शिकार गुन्हा आहे, आणि ही कुत्री कशासाठी आहेत ते मला कळतं. बापूंनी मला खुर्ची दिली.

"शिकार करता तुम्ही?"

"न्हाई बा."

"मग ही कुत्री काय करतात?"

"उभी राहत्यात. बघायला बरं वाटतं."

"आणि मग?"

"मग पाखरू उडतं."

"आणि मग?"

"मग तुमी लई प्रश्न इचारता, ताई."

"क्लबला नाव काय?"

"नाव दिलं की बोर्ड लागतो. बोर्ड लागला की तुमच्यासारखी येत्यात."

साळवे बाई पुढे आल्या. "बापू, हिच्या कुत्रीला उभं राहायला शिकव," त्या म्हणाल्या. "माझ्या गवतातली घरटी वाचवायचीत."

बापू उठून खारकेजवळ गेले. तिच्या कमरेवरून हात फिरवला. "जात चांगली हाय. कुणीतरी मागनं ढकललेली दिसती."

ते त्यांना कसं कळलं, मी विचारलं नाही. शिकवायला तयार होते, पण पिंजऱ्यातल्या तितरावर. मी नाही म्हटलं. आमच्या गटाची भूमिका स्पष्ट आहे, बंदिस्त पक्षी वापरायचा नाही.

"मग काय फोटोवर शिकवू?"

मी बाईंकडे बघितलं. बाई म्हणाल्या, "ठरव. रविवारी मशीन येतंय."

मला जे ठरवावं लागलं ते मला आवडलं नाही, अजूनही आवडत नाही. बापूंना मी तोंडावर सांगितलं की शिकवून घेईन आणि त्यानंतर त्या पिंजऱ्याची तक्रार वनखात्याकडे करीन. ते म्हणाले, "करा की. फकस्त शिकवून झाल्यावर करा, मधी करू नका." बाजांवरचे हसले. बाईंनी बजावलं, "त्या पाखराचं एक पीस जरी गळलं तरी मी तुझ्या दारात येऊन बसेन, बापू." तेव्हा मात्र कुणी हसलं नाही.

त्यानंतर रोज सकाळी आम्ही बापूंच्या शेतावर जायचो. पिंजरा गवतात लपवायचा, खारकेच्या गळ्यात लांब दोरी बांधायची आणि वाऱ्याच्या उलट्या दिशेने तिला आणायची. ती थिजली की बापू औताच्या बैलाला थांबवतात तसं खालच्या सुरात "होऽऽ, होऽऽ" म्हणायचे. झेप घेतली की दोरी ताणायची आणि तिला पोटाखाली हात घालून उचलून, होती त्याच जागी परत ठेवायचं. रागवायचं नाही, मारायचं नाही. पुन्हा "होऽऽ". माझा सगळ्या जिल्ह्यावर आवाज चढवून झाला होता आणि हा माणूस, ज्याच्याबद्दल माझं मत रोज आणखी वाईट होत होतं, एका कुत्रीशी इतका हळू बोलत होता. शनिवारपर्यंत खारीक उभी राहायला लागली. चार श्वास, दहा, वीस. मी मागून "होऽऽ" म्हटलं तरी.

त्याच संध्याकाळी बाईंचं रान धुंडाळलं. जिथे खारीक उभी राहिली तिथे मी हळूच पुढे जाऊन गवत बाजूला करायचे. एका ठिकाणी सायीच्या रंगाची अंडी होती. एका ठिकाणी मादी बसलेलीच होती, तिने मला बघितलं आणि हलली नाही. मी प्रत्येक जागी काठी रोवली. बाई ओट्यावरून बघत होत्या. वर गेले तेव्हा चष्मा पुसत होत्या आणि धूळ गेली म्हणाल्या.

रविवारी ट्रॅक्टर आला. काठी दिसली की ड्रायव्हर वळसा घालून जायचा आणि मागे गवताचा गोल झुपका उभा राहायचा. दुपारपर्यंत अर्धा उतार मोकळा झाला. आम्ही चहा घेऊन ओट्यावर बसलो. या सबंध प्रवासात मी पहिल्यांदा कुणावरही चिडलेली नव्हते.

खाली रस्त्यावर जीप येऊन थांबली. बापू उतरले, मागून दोघे. बॉनेटला टेकून ते डोंगराकडे बघत राहिले. मग बापूंनी आमच्याकडे बघून हात केला.

त्यांना काय दिसतंय ते तेव्हा मला दिसलं. भादरलेला पिवळा उतार आणि त्यावर उभे झुपके. प्रत्येक झुपक्यात एक घरटं, रस्त्यावरून मोजता येईल असं. एरवी त्यांना कुत्री घेऊन कमरेएवढं गवत धुंडाळावं लागलं असतं, सकाळ गेली असती आणि बाईंना ओट्यावरून सगळं दिसलं असतं. आता कुत्र्याची गरजच नव्हती. येता जाता झुपक्यावर जाळी टाकायची की झालं. शिकवायला ते इतक्या सहज का तयार झाले याचा विचार मी एकदाही केला नव्हता.

मी बाईंना सांगायला तोंड उघडलं. बाई उठल्याच होत्या. चपला घालून उतारावर गेल्या आणि ट्रॅक्टर थांबवला.

"आता मधूनमधून गवत सोडत जा," त्या ड्रायव्हरला म्हणाल्या.

"कुठं सोडू, बाई? काठी न्हाई तिथं?"

"कुठंही."

"चारा जाईल फुकट."

"जाऊ दे."

"जागा तरी दाखवा."

"मला विचारू नको. हिला पण विचारू नको. तुझ्या मनाला येईल तिथं सोड."

ड्रायव्हरने मान हलवली आणि मग त्याला त्यात मजा यायला लागली असावी, कारण तो उरलेला उतार नक्षी काढल्यासारखा कापत गेला. आधी कापून झालेल्या भागात मी आणि बाईंनी पेंढ्या दगडांच्या आधाराने उभ्या केल्या. दोन पावलांवरून फरक कळत होता, रस्त्यावरून नाही. शेवटी मी काठ्या उपटल्या. अंधार पडेपर्यंत माझे हात पात्यांनी चिरले होते आणि बाईंच्या वर्षभराच्या चाऱ्याचा बराच भाग डोंगरावरच राहिला होता. खारकेच्या नाकातून सुटलेलं एखादं घरटं ड्रायव्हरने सोडलेल्या गवतात आयतंच वाचलं असेल, एवढंच समाधान.

सकाळी बापू ओट्यापाशी आले. बसले नाहीत.

"बाई, एवढं झुपकं कशापायी?"

"मला आवडतात."

"ह्यातलं खरं कुठलं?"

"शोध की. कुत्री घेऊन ये, एकेक बघ. मी इथंच बसलेली असते."

बापू जायला वळले. मग म्हणाले, "तुमचा वर्ग सोडून इतकी वर्सं झाली." आणि गेले.

त्याच दिवशी पाटोद्यातून निघायच्या आधी मी पिंजऱ्याची तक्रार दिली. पुढे काय होईल माहीत नाही. गटातले विचारतील, बीड जिल्ह्यात पॉइंटर शिकवणारा क्लब सापडला का? सापडला. एकच आहे, उत्तम शिकवतात, आणि तो बंद पाडायला मी निघाले आहे. इंटरनेटवर ज्याने यादी टाकली त्याला हे एवढंच कळवणार आहे.

बीडची गाडी डोंगराखालून गेली तेव्हा मी मुद्दाम डावीकडची खिडकी धरली. उतारभर झुपके उभे होते, पेंढ्या उभ्या होत्या, वाऱ्याने सगळं एकदम हलत होतं. त्या घरट्यांपाशी मी स्वतः गुडघे टेकले होते. मी एकेक झुपका बघत गेले, खालून वर, मग वरून खाली. मला एकही ओळखता आला नाही, आणि या सबंध प्रवासात एखादी गोष्ट न कळल्याचा राग मला पहिल्यांदाच आला नाही.